बाई दार उघडतात

सोमवार, ४ फेब्रुवारी

आले एकदाची! बॅग अजून उघडलेली नाही, चहा गार होतोय, पण आधी हे लिहिते. कितीतरी दिवसांनी काही लिहावंसं वाटतंय, ती लहर वाया घालवायला नको.

घर रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. दुमजली, उंच छताचं, भरपूर उजेडाचं. एवढ्या मोठ्या नर्तकीचं घर म्हणजे संग्रहालयच असणार, काचेच्या कपाटात पोशाख आणि खाली पाट्या, अशी माझी समजूत होती. तसलं काही नाही. जिन्याच्या कठड्यावर टॉवेल वाळत घातलेत, आणि कुठल्याशा सन्मानाच्या भल्यामोठ्या चांदीच्या चषकात कांदे भरून ठेवलेत. मला घर बघताक्षणी आवडलं.

नर्तकीला जाऊन बरीच वर्षं झाली, पण सगळे तिला अजून नुसतं ‘बाई’ म्हणतात. आता इथे बाईंची थोरली मुलगी एकटी राहते. वय ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. दारातच म्हणाल्या, मला सगळे ताई म्हणतात, तूही म्हण, खरं नाव विचारू नकोस, बँकेत सही करताना मलाच आठवावं लागतं. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी येतात आणि दुपारच्या जेवणानंतर जातात. बाकी कोणी नाही.

एक गंमत. घरात एकाही दाराला आतून कडी नाही. न्हाणीघरालासुद्धा. कड्या होत्या तिथे नुसती भोकं आहेत, लाकडात बुजवलेली. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, आत गेलं की गाणं म्हणायचं, बाहेरच्याला कळतं. मला गाता येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग तर कोणी चुकूनही फिरकणार नाही.

काम असं आहे. बाई गेल्यावर त्यांच्या आयुष्यावर एक चित्रपट निघाला. शूटिंग याच घरात झालं. त्याचे तीन वेगवेगळे कट आहेत, म्हणजे तीन वेळा, तीन जणांच्या मर्जीप्रमाणे कापून-जोडून केलेले तीन चित्रपटच म्हणायचे. ताईंना त्यातून शेवटचा, पूर्ण असा एक कट हवाय. रिळं घराबाहेर जाऊ द्यायची नाहीत ही त्यांची अट. म्हणून खाली तालमीच्या खोलीत जुनं संकलनाचं टेबल मांडलंय, फिल्म हाताने कापायची आणि पट्टीने चिकटवायची. आता हे काम येणारे संकलक आम्ही बोटांवर मोजण्याइतके उरलो. डबा उघडला तर जुन्या फिल्मचा तो आंबूस वास आला, आणि खोटं कशाला सांगू, माहेरी आल्यासारखं झालं.

ह्याचा फोन आला होता. नवऱ्याचे फोन हल्ली तीन प्रश्नांचे असतात. पोचलीस का, जेवलीस का, झोप लागेल ना. तिन्हीला हो म्हटलं.

बुधवार, ६ फेब्रुवारी

दोन दिवस ताईंना शेजारी बसवून तिन्ही कट पाहिले. त्या उशी घेऊन येतात आणि नटीला नावं ठेवतात. आमच्या आईच्या एका दंडात ही अख्खी बसली असती, म्हणे.

पण चित्रपट खरंच चांगला आहे. बाईंच्या आधी कुठली बाई तिकीट लावून, रंगमंचावर एकटी उभी राहून नाचली नव्हती. आणि त्या नाचल्या तेही घरातल्या गोष्टी. पाणी भरणं, केस विंचरणं, मूल निजवणं. लोकांनी आधी शेण फेकलं, मग फुलं. त्यांना खरं नाव मिळालं ते ‘वाट’ या नाचाने. एक बाई उभी आहे आणि कुणाची तरी वाट बघते आहे, एवढंच. पहिल्या प्रयोगाला म्हणे थिएटरात टाळी वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

लांब कट दिग्दर्शकाचा, तो एकदाच मोजक्या लोकांना दाखवला. तो कापला होता आमच्या मास्तरांनी, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले. मधला कट चित्रपटगृहात लागला. आखूड कट परदेशी पाठवला, त्यात नुसते नाच. तिन्हींत सारखा असलेला एक सुंदर शॉट आहे. नटी लांब बोळातून चालत येते, तालमीच्या खोलीत शिरते, दार लावून घेते. मागे, जिन्यापाशी, एक लहान मुलगी उभी दिसते. लांब कटमध्ये ती इतकी दूर आहे की मी आधी तिला खांबच समजले. युनिटमधल्या कुणाची तरी असेल.

मी ताईंना विचारणार होते. पण त्यांना डुलकी लागली होती.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज ताईंनी मला खरं काम सांगितलं.

लांब कटमध्ये एक प्रसंग आहे, जो पुढच्या दोन्ही कटमधून ताईंनीच काढायला लावला. नटी बंद खोलीत ‘वाट’ची तालीम करते आहे. बाहेरून दार वाजतं. हलकं, खालच्या बाजूला. ती थांबत नाही. वाजत राहतं. ती नाचत राहते. मग वाजणं थांबतं. बस.

ताईंना एक धाकटी बहीण होती. ठकी म्हणायचे तिला, सारखी लाकडी बाहुलीसारखी कुणाच्या तरी काखोटीला असायची म्हणून. पाच वर्षांची. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तिला ताप होता. बाईंचा नियम होता, तालमीला आतून कडी घातली की आकाश कोसळलं तरी दार उघडायचं नाही. ताई तेव्हा नऊ वर्षांच्या. ठकीला सांभाळायला त्याच होत्या, आणि दुपारचा त्यांचा डोळा लागला. पोर अंथरुणातून उठली, जिना उतरली, आणि दार वाजवत बसली. तालीम संपल्यावर बाईंनी दार उघडलं. ठकी दाराला टेकून बसली होती. ती आत पडली.

गेलेली होती.

“आणि संध्याकाळी आई प्रयोगाला गेली,” ताई म्हणाल्या. “लोक अजून सांगतात, काय ती वाट बघणं, काय ते डोळे. मी म्हणते, असणारच.”

परत आल्यावर बाईंनी पकड घेऊन स्वतःच्या हाताने घरातली एकूण एक कडी उपटून काढली. ठकीचं नाव पुढे कधीही घेतलं नाही.

ताईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “पोरी, सिनेमात काय वाट्टेल ते होतं ना? मेलेले उठतात, पडलेले उडतात. मला एवढंच कर. आईला एकदा दार उघडू दे. ठकी जिवंत असताना.”

मग मीही सांगितलं. दोन वर्षांत कुणाजवळ बोलले नव्हते. आमची मुंगी. साखरेच्या डब्याशी सापडायची म्हणून मुंगी. सहा वर्षांची होती. रक्ताचा आजार, नऊ महिने दवाखाना, आणि शेवटी माझ्याच मांडीवर. तेव्हापासून आम्ही नवरा-बायको एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहतो. तो तिचं नाव घेत नाही, मी रडेन म्हणून. मी घेत नाही, तो रडेल म्हणून.

ताईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बरं वाटलं.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सापडलं! टाकून दिलेल्या तुकड्यांच्या डब्यात होतं. शिंपी पोशाखाचं गाठोडं घेऊन बाहेर जमिनीवर बसलाय, नटी दार उघडते, आधी समोर बघते, मग खाली, हसते, वाकते, गाठोडं घ्यायला दोन्ही हात पसरते. शिंपी दिसायच्या आधी कापलं, तर ही वाकून मूल उचलणारी आईच. नाचाच्या प्रसंगातलं वाजणारं दार, आणि त्याला हा जोड. इतकं चपखल बसेल की कुणाला शंकासुद्धा येणार नाही.

आनंदाने उडीच मारायची बाकी होती. पण एक विचित्र गोष्ट आहे.

बोळाचा तो शॉट मी मधल्या कटमध्ये पुन्हा पाहिला. मुलगी जिन्यापाशी नाही. बोळाच्या मध्यावर आहे. आखूड कट लावला. त्यात ती दारापासून हातभर अंतरावर. मला वाटलं वेगवेगळे टेक असतील. म्हणून फिल्मच्या काठावर छापलेले आकडे ताडून पाहिले. तिन्हींत तेच आकडे. एकच टेक आहे. नटीचं पाऊल त्याच फ्रेमला त्याच फरशीवर पडतं.

मुलगी तेवढी पुढे आलेली.

मास्तरांना फोन केला. झोपले होते, सुनेने उद्या करा म्हणून सांगितलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

मास्तर बोलले. आवाज खोल गेलाय, पण डोकं शाबूत. म्हणाले, कसली मुलगी? त्या चित्रपटात एकही मूल नाही. ताईंनी अटच घातली होती, ठकीचं काम कुठल्याही पोरीला द्यायचं नाही. दाराचा आवाजसुद्धा दिग्दर्शकाने स्वतः गुडघ्यावर बसून मुठीने काढला होता. मी म्हटलं, मास्तर, मला दिसते आहे. मग म्हणाले, तो प्रसंग आहे तसाच राहू दे बाळ, कापूही नकोस, जोडूही नकोस. आम्ही दर वेळी कात्री लावली आणि दर वेळी— मग सुनेने फोन घेतला, त्यांना धाप लागली म्हणून.

दुपारी मी टेबलाशी असताना दार वाजलं. टेबलावर काही चालू नव्हतं. हलकं वाजलं, खालच्या बाजूला. मावशी असतील म्हणून ‘या’ म्हटलं. कोणी आलं नाही. उठून पाहिलं, बोळ मोकळा. उन्हाचे चौकोन पडलेले.

मावशींना विचारलं. त्या भांडी पुसत सहज म्हणाल्या, या घरात दारं वाजतात, मॅडम. आपण लक्ष द्यायचं नाही. ती आपल्यासाठी नसतात.

मी ताईंना सांगू का नको या विचारात होते. पण जेवताना त्यांनीच विचारलं, कधी होईल गं? डोळे असे लागले होते माझ्याकडे. या वयाच्या माणसाला उद्या, परवा कसं सांगायचं? शनिवारी दाखवते म्हटलं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

केला जोड.

ताई सकाळपासून नवी साडी नेसून बसल्या होत्या. नाच, वाजणारं दार, पुन्हा नाच, पुन्हा दार. आणि नटी थांबते. कट. दार उघडते, खाली बघते, हसते, हात पसरते.

ताईंनी तोंडावर पदर घेतला आणि लहान मुलीसारख्या हमसून रडल्या. परत लाव, म्हणाल्या. परत लावला. परत. पुढे नटीला नावं ठेवायचंही विसरल्या, “आई गं, आई गं” एवढंच.

आम्ही पाहत असतानाच मागे खोलीचं दार उघडलं.

ओढल्यासारखं उघडलं, आतल्या बाजूला, जसं आतून कोणी उघडतं. उंबऱ्यात ती उभी होती. झोपेत चुरगळलेला झगा, गालावर उशीचा वळ, तापाने चकाकणारे डोळे. मी किंचाळले नाही. का नाही, ते मला माहीत आहे. तापात उठून आलेलं मूल मी नऊ महिने रोज पाहिलंय. तिला कोणी भीत नाही, तिला उचलून घेतात.

ताई उठल्या. हात पसरले. ठके, म्हणाल्या, ठके, मी ताई.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वळसा घालून धावत आली आणि माझ्या कुशीत शिरली.

रविवार, १७ फेब्रुवारी

काल ती माझ्या मांडीवर थोडा वेळ होती, मग नव्हती. मांडीवर ऊब राहिली. ताई खोलीत गेल्या, रात्री जेवल्या नाहीत.

आज दुपारी पुन्हा दार वाजलं. मी उघडलं. हो, मी उठून उघडलं.

ताई जिन्यावरून खाली आल्या. पांढऱ्या, विरळ केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या, वर बांधलेल्या, लाल फिती लावून. कुठून शोधल्या असतील त्या फिती? गुडघे दुखत असताना जमिनीवर मांडी घालून बसल्या. म्हणाल्या, “बघ ठके, ताईच आहे मी. वेण्या बघ. आपण घर-घर खेळायचं?”

पोर घाबरली. माझ्या पदराआड तोंड लपवलं. इवल्या आवाजात म्हणाली, आई, ही म्हातारी कोण? तिला जायला सांग.

ताईंनी एक एक फीत सोडली. घडी केली. मी उठवायला हात दिला तर नको म्हणाल्या, भिंतीला धरून उठल्या.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

ती रोज येते. दुपारी, मावशी गेल्यावर.

मी कडेवर घेते. दोन वर्षांनी कडेवर वजन. कमरेला तेच हाड दुखतं. डोकं खांद्यावर टाकते, मानेला तिचा गरम श्वास लागतो. मी वाटीत पाणी घेऊन कपाळावर घड्या ठेवते. ती मला आई म्हणते. मी ओ देते.

ताप उतरत नाही. थोड्या वेळाने ती गप्प होते. मग हात सैल पडतो. मग श्वास— मला तो श्वास ओळखता येतो. मग जाते. दुसऱ्या दिवशी दार वाजतं.

म्हणजे रोज. रोज माझ्या मांडीवर.

तरी मी सकाळपासून दुपारची वाट बघते. ह्याला फोनवर सांगितलं, काम छान चाललंय. आवाज बरा वाटतोय तुझा, म्हणाला. त्यालाही बरं वाटलं असावं.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ताई उठत नाहीत. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले वय झालंय.

संध्याकाळी मला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता. म्हणाल्या, “तो जोड काढ. मी मागितलं ते चूक मागितलं. मला वाटलं, ती येईल आणि आम्ही दोघी... सत्तर वर्षं मी दाराच्या त्याच बाजूला बसले, तिच्या शेजारी. पण ती माझ्यासाठी आलीच नव्हती गं. तिला आई हवी. आणि आई मिळाली, तर ती जाणार नाही. तुझ्यात जेवढी आई आहे, तेवढी सगळी घेईल.”

मी हो म्हटलं.

काढला नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

ताई गेल्या. मावशींना सकाळी सापडल्या. उशाशी लाल फिती.

लोक आले, गेले. मावशी जाताना म्हणाल्या, तुम्हीही चला, मॅडम. मी म्हटलं, थोडं काम राहिलंय.

गर्दी असताना दार वाजत होतं. कुणालाच ऐकू आलं नाही. मी सगळ्यांना लवकर घालवलं.

शनिवार, २३ फेब्रुवारी

ह्याचा फोन. आवाज कसातरीच.

मुंगीचा एक व्हिडिओ आहे आमच्या दोघांच्या फोनमध्ये. तिचा पुढचा दात पडला होता आणि ती अंगणात शिट्टी वाजवायला शिकत होती. वाजत नाही, नुसती फू होते, स्वतःच हसते, म्हणते थांब, परत करते. आजारपणाआधीचा तेवढा एकच. तो रोज झोपताना बघतो. मला माहीत नव्हतं. मीही बघते, हे त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षांत आज पहिल्यांदा त्याने तिचं नाव घेतलं.

म्हणाला, “मुंगीच्या मागे, दारात, ती मुलगी कोण आहे? ती कधी होती तिथे?”

मी फोन उघडून पाहिलं.

चुरगळलेला झगा.

रविवार, २४ फेब्रुवारी, सकाळ

दारात नाही. आता अंगणात, मुंगीच्या मागे. मुंगी अजून हसते आहे. तिला माहीत नाही.

ह्याच्या फोनमध्येही तेच. तो म्हणतो सगळ्या फोटोंत. बागेतल्या. शाळेच्या. तो निघालाय. उद्यापर्यंत पोचेल.

दुपार

दार उघडलं नाही. कानात बोटं घातली. वाजत राहिलं. नाचत राहिलेली ती बाई कशी— कशी राहिली असेल ती—

संध्याकाळ

पुन्हा पाहिलं. ठकी शेजारी उभी आहे. मुंगीचा हात धरलाय. मुंगीने तोंड तिच्याकडे वळवलंय. चेहरा दिसत नाही. शिट्टीही नाही. कितीही वेळा लावलं तरी माझ्या मुलीची पाठच—

सोमवार, २५ फेब्रुवारी

ताई बरोबर होत्या. आज जोड काढते. मुंगी एवढीच उरली आहे माझ्याकडे. तीही दिली तर मग काय—

ठके, माफ कर बाळा. तू माझी नाहीस.

—

काढला. पट्टी सोलून काढली, दोन्ही टोकं वेगळी केली. बाई दार उघडत नाहीत. नाचत राहतात. शिंप्याचा तुकडा बाहेर नेऊन जाळला.

दार आपोआप लागलं. धाडकन नाही. हळू.



—

व्हिडिओ पाहिला.

अंगण आहे. ऊन आहे. माझा आवाज आहे, मागून, मी म्हणतेय, वाजव ना गं.

अंगणात कोणी नाही.

दोघीही नाहीत. तिने हात धरला होता. तिने नेलं तिला, बरोबर घेऊन—

ह्याचा फोन लागत नाही.

—

दार वाजतंय.

खालच्या बाजूला. उघडणार नाही. तुकडा जाळला, जोड नाही, उघडण्यासारखं काही उरलंच नाही. कडी नाही या दाराला. नुसतं लोटलं तरी उघडेल, पण ती लोटत नाही. कोणीतरी उघडायची वाट—

दोन हात आहेत. दोन वेगळे हात वाजवतायत.

आई, म्हणते आहे. ठकीचा आवाज. मी ऐकत नाही. मी लिहिते आहे. मी लिहीत राहणार, तो येईपर्यंत, मी थांबणार नाही, ती थांबेल आपोआप, तेव्हाही थांबली हो—

आता दुसरी बोलली.

माझी आहे. हा आवाज माझ्या पोरीचा आहे. रडत नाहीये. समजुतीने बोलते आहे, दवाखान्यात सुईच्या आधी बोलायची तशी. आई, मला इथे बरं नाही वाटत. आई, तू आहेस ना आत?

आहे गं. आहे मी, मुंगे, उठले बघ, हे आ